काचपात्रांतील प्रवाळें

नवरत्नांच्या मालिकेंत मोतीं आणि पोवळें हीं दोन रत्नें इतर सातांहून निराळीं आहेत. हिरा, माणिक, पाचू हीं पृथ्वीच्या पोटांत घडलीं. मोतीं व पोवळें मात्र जिवंत प्राण्यांनीं घडविलीं. पैकीं मोत्याचा शिंपल्याशीं असलेला संबंध सर्वांस फार पूर्वींपासून ठाऊक होता. परंतु पोवळ्याचा कर्ता कोण, ही गोष्ट विद्वानांस देखील अठराव्या शतकापर्यंत नीटशी उमगली नव्हती. रोमन स्त्रियांस हिंदुस्थानच्या मोत्यांचें जितकें अगत्य, तितकेंच हिंदुस्थानच्या लोकांस पोवळ्याचें, अशा अर्थाचा उल्लेख प्लिनीनें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत करून ठेविला आहे. भूमध्य समुद्रांतून निघालेलें हें तांबडें रत्न आमच्या पूर्वजांनीं शतकानुशतकें अंगावर मिरविलें. तें झाडाचें कीं प्राण्याचें, हा प्रश्न मात्र त्याचा दागिना करणारांनीं सोडविला नाहीं. तो सोडविला त्यास खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत जिवंत ठेवूं पाहणारांनीं. त्यांच्या खटपटीचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. आमच्या मतें त्या इतिहासाचें सूत्र एकच आहे: प्रवाळ जितक्या धीरानें जगवितां आलें, तितकेंच त्याविषयींचें ज्ञान मनुष्यास झालें.

आरंभींच एक भेद सांगितला पाहिजे. दागिन्यांतील पोवळें आणि समुद्रांत बेटेंच्या बेटें उभारणारें पाषाणप्रवाळ हीं एका मोठ्या कुळाच्या दोन शाखा होत. दोहोंचीहि मूळ घडण सारखीच: लहानशा पिशवीसारखें शरीर, वर एकच तोंड, आणि तोंडाभोंवतीं नाजूक हातांचें कडें. पोवळ्याच्या प्राण्यास असे हात आठ असतात. पाषाणप्रवाळास बहुधा सहाच्या पटींत असतात. शिवाय पाषाणप्रवाळाचा प्रत्येक जीव आपल्या बुडाशीं चुन्याची एक वाटी घडवितो व तींत राहतो. अशा लक्षावधि वाट्या एकमेकींस चिकटून जो खडक होतो, त्यावर जहाजें फुटतात, नारळी वाढतात आणि माणसें वस्ती करितात.

१७०६ सालच्या हिवाळ्यांत काउंट मार्सिली नांवाचा एक इटालियन सरदार फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्राचा अभ्यास करीत होता. नुकत्याच वर काढलेल्या पोवळ्याच्या कांहीं फांद्या त्यानें समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या काचपात्रांत घालून ठेविल्या. मग पाहतो तों फांद्यांवर आठ आठ पाकळ्यांचीं शुभ्र फुलें उमललेलीं! फांदी पाण्याबाहेर काढली कीं फुलें नाहींशीं होत. पुन्हां पाण्यांत सोडली कीं पुन्हां उमलत. पोवळें ही वनस्पति होय अशी समजूत त्या काळीं रूढ होतीच. तीस आतां डोळ्यांनीं पाहिलेल्या फुलांचा पुरावा मिळाला.

पुढें १७२५ च्या सुमारास मार्सेयचा एक वैद्य, झाँ-आंद्रे पेसोनेल, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हींच फुलें पाहत होता. तो केवळ पाहून थांबला नाहीं. त्यानें फुलांस स्पर्श केला, तों तीं अंग चोरून आंत शिरलीं; तीं कुजूं लागलीं तेव्हां त्यांस मेलेल्या प्राण्यासारखी दुर्गंधि सुटली. मार्सिलीनें ज्यास फूल म्हटलें तो एक लहानसा प्राणीच आहे, असा निर्णय त्यानें पॅरिसच्या विज्ञान अकादमीस कळविला. थोर निसर्गशास्त्रज्ञ रेओम्युर यानें अकादमीपुढें तें मत मांडतांना पेसोनेलचें नांव मुद्दामच वगळलें. इतकें विलक्षण मत बाळगणाराचें हसें होऊं नये, ही त्यामागील दया. १७४० नंतर ट्रेंब्लेनें गोड्या पाण्यांतील हायड्रा या जीवावर केलेले प्रयोग गाजले, तेव्हां रेओम्युरनें १७४२ सालीं पेसोनेलचें श्रेय जाहीरपणें मान्य केलें. तोंवर पेसोनेल वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावर वैद्यकी करीत होता. सत्य एका भांडें पाण्यांत दिसलें होतें. तें मान्य होण्यास मात्र पंधरा वर्षें लागलीं.

प्रवाळ थोडा वेळ जगविणें निराळें आणि वर्षानुवर्षें नांदविणें निराळें. या दुसऱ्या कामाचा आरंभ कोणत्याहि विद्यापीठांत झाला नाहीं. तो लंडनमधील एका धर्माधिकाऱ्याच्या घरांत झाला. वेस्टमिन्स्टर अॅबीचे एक अधिकारी लॉर्ड जॉन थिन यांच्या पत्नी अॅना थिन या १८४६ सालीं टॉर्की येथील समुद्रकिनाऱ्यावर गेल्या होत्या. तेथील खडकांवर त्यांस सुपारीएवढीं, एकएकटीं वाढणारीं पाषाणप्रवाळें दिसलीं व त्यांनीं बाईंचें मन वेधलें. प्रवासांत धक्क्यांनीं इजा होऊं नये म्हणून बाईंनीं तीं सुईदोऱ्यानें स्पंजावर टांचलीं आणि खाऱ्या पाण्याच्या बरणींत घालून लंडनास नेलीं. घरीं त्यांस काचेचीं भांडीं दिलीं. अडचण पाण्याची होती. लंडनमध्यें ताजें समुद्रजल रोज कोठून मिळावें? तेंच पाणी पुन्हां पुन्हां वापरावयाचें तर तें शिळें होऊन जीव गुदमरावयाचे.

थिनबाईंनीं योजलेला उपाय फार साधा होता. वापरलेलें पाणी उघड्या खिडकीशीं उभें राहून एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत आणि दुसऱ्यांतून पहिल्यांत, असें अर्धा-पाऊण तास ओतीत राहावयाचें. उंचावरून पडतांना पाण्यांत हवा मिसळते व तें पुन्हां जीवांस पोसण्याजोगें होतें. हें काम त्यांची एक लहान मोलकरीण करीत असे. तीस त्याची गंमत वाटे, असें बाईंनीं पुढें लिहिलें आहे. आज प्रत्येक प्रवाळपेटींत विजेचा पंप जें काम रात्रंदिवस करितो, तें त्या मुलीनें दोन हातांनीं केलें. बाईंच्या लेखांत तिचें नांव नाहीं. पुढील वर्षीं बाईंनीं भांड्यांत समुद्रवनस्पति लाविल्या व ओतण्याचे कष्ट कमी झाले. प्रवाळें जवळजवळ तीन वर्षें जगलीं, इतकेंच नव्हे तर त्यांस पिलें झालीं. तीं कशीं होतात याचीं टिपणें बाईंनीं ठेविलीं, व १८५९ सालीं तीं एका शास्त्रीय मासिकांत छापलीं गेलीं. मार्सिलीच्या भांड्यांत प्रवाळ फूल ठरलें, पेसोनेलच्या हातीं प्राणी ठरलें, आणि थिनबाईंच्या घरीं तें संसारी झालें.

त्यानंतर इंग्लंडांत मत्स्यपेट्यांचें जें वेड पसरलें त्याची कारणें अनेक होतीं. काचेवरील कर १८४५ सालीं उठला व काच स्वस्त झाली. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें मासे, पाणवनस्पति व गोगलगाई यांचा एका भांड्यांत समतोल कसा राहतो हें सप्रयोग दाखविलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस याचें ‘द अॅक्वेरियम’ हें पुस्तक निघालें आणि दिवाणखान्यांत समुद्र आणून ठेवण्याची हौस मध्यम वर्गांत शिरली. समुद्रापासून दूर राहणारांची सोय व्हावी म्हणून गॉसनें कृत्रिम समुद्रजलाची कृतीहि दिली: साधें मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियमचा क्षार व पोटॅशियमचा क्षार, हे चार पदार्थ गोड्या पाण्यांत विरघळवावे. चुन्याचे क्षार त्यानें सोडून दिले. त्यांचें प्रमाण क्षुल्लक, व लागेल तेवढा चुना पेटीच्या तळाशीं टाकलेल्या शिंपल्यांतून मिळेल, असा त्याचा हिशेब. ज्या प्राण्याचें घर चुन्याचें, त्याच्याच पाण्यांतून चुना वगळला गेला. ही उणीव भरून येण्यास पुढें शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

त्या वेडाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. गॉसचीं पुस्तकें वाचून लोक टोपल्या, हातोडे व छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. त्यांच्या घरीं गेलेले बहुतेक जीव थोड्याच दिवसांत मेले, आणि मेलेल्यांच्या जागीं नवे आणण्यासाठीं लोक पुन्हां किनाऱ्यावर गेले. गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मवृत्तांत या नासाडीचें वर्णन केलें आहे: खडकांतील जीं डबकीं लहानपणीं त्यास नंदनवनासारखीं वाटत, तीं पुढें ओसाड झालीं, आणि या अनर्थास नकळत आपला बापच कारण झाला याचें त्याच्या वडिलांस फार दुःख होई. ज्यास एखादा जीव नांदवितां येत नाहीं, त्याची हौस त्या जीवाच्या मुळावर येते. पुढें शंभर वर्षांनीं उष्ण समुद्रांतील प्रवाळांच्या व्यापारांत हाच प्रकार पुन्हां घडला.

थिनबाईंचीं प्रवाळें लंडनच्या मंद उजेडांत कशीं जगलीं, आणि उष्ण समुद्रांतील रंगीबेरंगी प्रवाळें मात्र त्यानंतर कित्येक दशकें कोणाच्याच पेटींत कां टिकलीं नाहींत? या प्रश्नाचें उत्तर प्रवाळाच्या अंगांत होतें. उष्ण समुद्रांत खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शेवाळ राहतें. बहुतेकांचा रंग त्याच्यामुळें. टॉर्कीच्या थंड पाण्यांतील प्रवाळाला असा भाडेकरू नसतो, म्हणून त्याचें उजेडावांचून अडत नाहीं. १९२८-२९ सालीं सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखालीं ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभित्तीवर जें शास्त्रीय पथक वर्षभर राहिलें, त्यानें प्रवाळें अंधाऱ्या पेट्यांत कोंडून पाहिलीं. तेव्हां तीं आपलें शेवाळ बाहेर टाकूं लागलीं. शेवाळ प्रवाळाचा मळ नाहींसा करितें, अन्न देत नाहीं, असें यंग यांचें मत झालें. १९५८ सालीं मस्कॅटीन व हँड यांनीं किरणोत्सर्गी कार्बन वापरून प्रवाळाच्या नात्यांतील एका समुद्रपुष्पांत दाखवून दिलें कीं, शेवाळानें सूर्यप्रकाशावर तयार केलेलें अन्न यजमानाच्या शरीरांत उतरतें. १९५९ सालीं गोरो यांनीं जमेकांतील प्रवाळांवर प्रयोग करून सांगितलें कीं, उजेडांत प्रवाळाचें चुनाबांधणीचें काम अंधारापेक्षां कितीतरी वेगानें चालतें. म्हणजे ज्याचें घर दगडाचें, त्याची चूल सूर्यावर पेटते! त्याला मंद दिव्याखालीं ठेवणें म्हणजे उपाशी ठेवणें होय.

हें ज्ञान होत असतांनाच पाळणारांचीहि विद्या पुढें सरकत होती, आणि ती पुन्हां बहुतांशीं हौशी माणसांच्या हातून. १९५६ सालीं न्यू कॅलिडोनिया बेटावरील नूमेआ गांवीं रने कॅताला यांनीं मत्स्यालय उघडलें. ताज्या समुद्रजलाच्या वाहत्या प्रवाहावर तेथें जिवंत प्रवाळें नांदूं लागलीं. १९६१ सालीं जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं एका अमेरिकन मासिकांत आपली पद्धति लिहिली. त्यांच्या पेटींत यंत्र म्हणावें असें कांहींच नव्हतें: समुद्रांतून आणलेले, जीवजंतूंनीं भरलेले खडक, हवेचे बुडबुडे, आणि खिडकींतून येणारें ऊन. त्या खडकाच्या पृष्ठभागावर व पोटांत जे जीवाणु राहतात ते प्राण्यांच्या मळांतील विषारी अमोनियाचें नायट्रेट करितात, व प्राणवायु न पोंचणाऱ्या खोल छिद्रांतील जीवाणु त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन करून हवेंत सोडतात. इतरांनीं ज्यास केवळ शोभेचा दगड समजून धुऊन, वाळवून पेटींत ठेविलें, तोच खरा स्वच्छताकामगार होता.

पुढचें पाऊल जर्मनींत पडलें. पाण्यांत बारीक बुडबुडे सोडले कीं त्यांच्या अंगास सेंद्रिय मळ चिकटतो व फेंस होऊन वर येतो. साखरेच्या पाकावरील मळी झाऱ्यानें काढावी, तसा तो फेंस काढून टाकणारें यंत्र तेथें प्रचारांत आलें. पीटर विल्केन्स यांनीं १९७३ सालच्या आपल्या पुस्तकांतून चुन्याच्या निवळीचा पुरस्कार केला. गॉसनें वगळलेला चुना असा सव्वाशे वर्षांनीं परत आला. आणि तोहि पानाच्या डब्यांत असतो तोच, पाण्यांत कालवून वरचें स्वच्छ पाणी घेतलेला. बर्लिनमधील हौशी मंडळींनीं, त्यांतहि डीट्रिख श्टूबर यांनीं, जिवंत खडक, फेंसयंत्र, चुन्याची निवळी आणि प्रखर दिवे यांची सांगड घातली, व आजवर दुःसाध्य मानलेलीं फांद्यांचीं पाषाणप्रवाळें त्यांच्या पेट्यांत वाढूं लागलीं. श्टूबर यांच्या एका प्रवाळाच्या फांद्या मोडून मित्रांस दिल्या गेल्या, मित्रांनीं त्या वाढवून पुढें दिल्या, आणि एका पेटींतील रोप देशोदेशींच्या घरांत पोंचलें. १९८६ सालीं जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेनें अमेरिकेंतहि लहान प्रवाळपेटीची आवड पसरविली.

लहान पेटी म्हणजे सोपी पेटी, असा नवशिक्यांचा समज असतो; वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. समुद्राचा मोठेपणा हीच प्रवाळाची खरी सुरक्षितता. पन्नास लिटरच्या पेटींतून एक लिटर पाण्याची वाफ झाली तर मीठ मागेंच राहतें, आणि हजार भागांस ३५ असलेला खारटपणा ३५·७ होतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेंच करावी लागते. समुद्राच्या एका लिटरमध्यें सुमारें ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम व १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतें. वाढतें प्रवाळ त्यांतील कॅल्शियम आणि त्याच्या जोडीचें कार्बोनेट रोज उचलतें. समुद्रास तें जाणवत नाहीं, पण पन्नास लिटरांत आठवड्याभरांतच तोटा दिसूं लागतो. चुन्याची निवळी हे दोन्ही तोटे योग्य प्रमाणांत भरते; मात्र ती दाहक असल्यामुळें थेंबाथेंबानें, व शक्य तर रात्रीं सोडावी लागते, कारण रात्रीं शेवाळाचें काम थांबून पाणी किंचित् आम्लतेकडे झुकतें. उष्णता २५-२६ अंशांच्या आसपास स्थिर हवी. कॅल्शियम थोडें कमी असलें तरी प्रवाळ सोसतें. आज कमी, उद्यां भरपूर, परवां पुन्हां कमी, हें मात्र तें सोसत नाहीं. ज्यांनीं या विद्येंत यश मिळविलें त्यांनीं प्रवाळ पाळण्याचा हट्ट सोडून आधीं पाणी पाळलें.

ही विद्या हातीं येईपर्यंत उष्ण समुद्रांतून किती प्रवाळें उपटलीं गेलीं व वाटेंतच मेलीं, त्याची मोजदाद कोण करणार? अखेर कायद्यास मध्यें पडावें लागलें. १९९० पासून सर्व पाषाणप्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करारान्वयें परवान्याखालीं आला. भारतानें २००१ सालीं खडक बांधणारीं सर्व पाषाणप्रवाळें वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घातलीं. तेव्हां मालवणच्या समुद्रांतील प्रवाळाचा एखादा तुकडा घरच्या पेटीसाठीं उचलणें हा आज वाघ मारण्यासारखाच गुन्हा आहे. मोडलेल्या फांदीपासून नवें प्रवाळ करण्याची बर्लिनकरांची रीत हा त्यावरील सभ्य उपाय होता. पण फांदीपासून झालेलें रोप म्हणजे मूळ झाडाचीच प्रत; तींत नवी संतति नाहीं. खरी संतति प्रवाळें वर्षांतून ठराविक रात्रींच निर्माण करितात. महाप्रवाळभित्तीवर पौर्णिमेनंतरच्या कांहीं रात्रीं असंख्य प्रवाळें एकाच वेळीं आपलीं बीजें पाण्यांत सोडतात, हा शोध १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच लागला. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयांत जेमी क्रॅग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बंद पेटींतील प्रवाळांना दूरच्या समुद्राचे ऋतु, दिवसाची लांबी आणि चंद्राच्या कला दिव्यांच्या व यंत्रांच्या साहाय्यानें हुबेहूब दाखविल्या. त्या प्रवाळांनीं ठरल्या रात्रीं बीजें सोडलीं, आणि ती पद्धति २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. अॅना थिन यांनीं ज्या नगरींत पहिलीं पिलें पाहिलीं, त्याच नगरींत एकशें सत्तर वर्षांनीं हें घडलें.

या यशाचा उपयोग दिवाणखान्यापुरता राहिला नाहीं. फ्लॉरिडाच्या समुद्रांत २०१४ सालीं पाषाणप्रवाळांना एक जीवघेणा रोग जडला. तेथील स्तंभप्रवाळ नाहींसें होण्याच्या मार्गावर असतां त्याचे कांहीं तुकडे पेट्यांत आणून जगविण्यांत आले, आणि २०१९ सालीं फ्लॉरिडा अॅक्वेरियममधील पेटींत त्यांनीं प्रथमच बीजें सोडलीं. एके काळीं समुद्र लुटून भरलेली पेटी आतां समुद्रासाठीं बियाणें राखणारी कणगी झाली.

पण कणगी म्हणजे शेत नव्हे. नेहमींच्या उन्हाळ्यांतील कमाल उष्णतेहून एखादा अंश अधिक उष्णता कांहीं आठवडे टिकली, तर प्रवाळ आपलें शेवाळ बाहेर टाकून पांढरें पडतें, व तशीच राहिली तर मरतें. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळांत असें जगभर घडलें. आमचें लक्षद्वीपहि त्यांतून सुटलें नाहीं. जगभर पसरलेली अशी चवथी लाट चालू असल्याचें एप्रिल २०२४ मध्यें जाहीर झालें. स्थैर्य हें समुद्राचें, अस्थैर्य लहान पेटीचें, अशी वांटणी आम्हीं वर केली आहे. ती आतां डळमळूं लागली आहे. २०२३ च्या उन्हाळ्यांत फ्लॉरिडांत समुद्र इतका तापला कीं, समुद्रांतील रोपवाटिकांतून प्रवाळें उचलून जमिनीवरील टाक्यांत आणावीं लागलीं.

तीनशें वर्षांच्या खटपटीनें मनुष्य जें शिकला तें एवढेंच: हवा, उजेड, चुना, स्वच्छता आणि स्थिरता यांपैकीं एकहि गोष्ट ढळली तर हा जीव टिकत नाहीं. हें ज्ञान पन्नास लिटर पाण्यांत मिळालें, आणि त्याच्या प्रत्येक धड्यासाठीं कित्येक प्रवाळांनीं प्राण दिले. पेटींतील पाणी बिघडलें तर तें ओतून देऊन नवें भरतां येतें. त्यासाठीं बाहेर समुद्र असतो. समुद्राचें पाणी बिघडलें तर तें बदलावयास आणखी कोठें जावयाचें?